लाईटवरचं मशीन

गवत कापायचं मशीन पेट्रोलवरचं घ्यायचं की लाईटवरचं, यावरून आमच्या घरात आठवडाभर धुसफूस चालली होती. सासरे पेट्रोलच्या बाजूने, मी लाईटच्या बाजूने आणि नवरा नेहमीसारखा समोरच्या ताटाच्या बाजूने. बाहेरच्याला वाटेल, एवढं काय त्यात, मशीन ते मशीन. पण त्या मशीनवर एका माणसाचं बिऱ्हाड टांगलेलं होतं. ते मला दिसत होतं आणि सासऱ्यांना दिसूनही दिसत नव्हतं. निदान तेव्हा माझी तशी समजूत होती.

गंगापूर रोडच्या पुढे आमची द्राक्षबाग होती. शहर अंगावर येत गेलं तशी नव्वदचं दशक संपता संपता सासऱ्यांनी बाग काढली आणि तिथे लग्नाचं लॉन केलं. नाशकात तेव्हा जिकडेतिकडे हेच चाललं होतं. बाग काढताना तारा सोडवल्या, लोखंडी अँगल उपटले, आणि त्यातला एक अँगल निसटून आमच्या गड्याच्या उजव्या खांद्यावर पडला. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून हा माणूस नि त्याची बायको दरवर्षी छाटणीच्या कामाला यायचे. खांदा बसवला, पण नीट बसला नाही. ढकलायला हात चालायचा, उचलायलाही चालायचा. झटका बसला की मात्र माणूस पांढराफटक पडायचा. मग सासऱ्यांनीच त्याला लॉनवर माळी म्हणून ठेवला. स्टेजच्या मागची खोली दिली. बायको झाडलोट करायची. मुलगी जवळच्या शाळेत जायला लागली आणि बघता बघता सातवीत गेली. पाड्यावर परत गेली असती तर तिची शाळा तिथेच संपली असती, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

मी त्याला भाऊ म्हणायचे, तो मला वैनी. माणूस अबोल. दहा गोष्टी सांगितल्या तर दहावेळा मान हलवणार आणि दहाही करून टाकणार. मला अशी माणसं फार आवडतात, कारण राग माझ्या नाकावर असतो आणि उलट बोलणारा समोर आला की माझं डोकं फिरतं. हे मी लपवत नाही, लपण्यासारखं नाहीच.

तर भाऊ हाताने ढकलायच्या जुन्या मशीनने गवत कापायचा. एकदा मंडपवाल्याने एक खुंटी गवतात तशीच सोडली, तिच्यावर मशीन गेलं आणि पाती वाकली. दुरुस्त करणाऱ्याने हात वर केले. लॉन एकरभराचं, श्रावण तोंडावर, गवत रात्रीत बोटभर वाढणार. नवीन मशीन घेण्यावाचून इलाज नव्हता. म्हणून आम्ही जीप काढून पंचवटीत, मार्केट यार्डाकडे शेतीची औजारं विकणाऱ्या दुकानांत गेलो. सासरे, मी आणि मागे भाऊ.

दुकानदाराने दोन मशीनं पुढे ठेवली. एक लाईटवरचं: हलकं, प्लॅस्टिकचं झाकण, लोखंडी दांडा, दांड्यावर बटन, आणि मागे लांबलचक वायर. दुसरं पेट्रोलवरचं. त्याला दोरी. दोरी झटक्यात ओढली की इंजिन धरणार. दुकानदाराने ओढली, इंजिन धरलं, सासरे खूश झाले. त्यांचा सगळा जन्म फवारणीच्या पंपांत गेलेला, पेट्रोलचा वास आला की त्यांना आपल्या माणसांत आल्यासारखं वाटायचं. शिवाय मुद्दा त्यांचा बरोबर होता. दोन हजार सालानंतरची ती वर्षं भारनियमनाची. आमच्या बाजूला सकाळी नऊला लाईट जायची ती दुपारी कधीतरी यायची. लाईट नसताना लाईटवरचं मशीन काय पुजायचं?

"ओढ रे," सासरे भाऊला म्हणाले.

भाऊने डाव्या हाताने दोरी ओढली. इंजिन फुसफुसलं नि गप्प झालं. दुसऱ्यांदा तेच. मग त्याने उजवा हात लावला. मला वाटलं म्हणावं, नको, सोड. पण मी बोलायच्या आत त्याने ओढलीच. इंजिन धरलं नाही. तो खाली वाकून मशीनकडे बघत राहिला, जणू काही शोधतोय. कपाळावरून घामाचा थेंब दांड्यावर पडला. दुकानातली दोन-चार माणसं बघत होती. सासऱ्यांनी घसा साफ केला, दुकानदाराला चहा सांग म्हणाले आणि विषय तिथे थांबवला.

परतताना ते पुढच्या सीटवरून, मागे न वळता, मला म्हणाले, "मशीन पेट्रोलचंच घेऊ. माणूस बदलू."

मागे बसलेल्या माणसाला ते ऐकू गेलंच असणार. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या बागेच्या अँगलने त्याचा खांदा गेला त्या बागेच्या मालकाने हे म्हणावं? घरी येऊन मी भांडी अशी काही आपटली की शेजारच्या मळ्यात कळलं असेल. आठवडाभर मी एकच धोशा लावला. लाईट नऊला जाते ना, मग सकाळी सातला सुरू करू. रोज थोडं थोडं कापू. वायर लांब आहे तर मी बघते तिच्याकडे. माझे वडील इगतपुरीला रेल्वेत इलेक्ट्रिशियन होते. तिथल्या पावसाळ्यात घरातल्या भिंतीसुद्धा ओल्या, आणि ओल्या हाताने बटन दाबलं म्हणून मी लहानपणी जेवढा मार खाल्ला तेवढा नापास झाले असते तरी खाल्ला नसता. विजेचं मला कोणी शिकवायला नको, असं मी सासऱ्यांना तोंडावर सांगितलं.

शेवटी ते म्हणाले, "घे तुझं लाईटवरचं. पण एक सांगून ठेवतो. काही झालं तर परत वाद घालायचा नाही. माणूस जाईल."

मी हो म्हटलं. जिंकल्याच्या तोऱ्यात म्हटलं.

मशीन आलं. भाऊला मी सगळं शिकवलं, खरं तर दटावलं. पायात रबरी चपला असल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. वायर नेहमी खांद्यावरून मागे, पात्यापुढे कधीच नाही. दव असताना नाही, ते सुकेपर्यंत थांबायचं, पाऊस पडून गेल्यावर तर नाहीच. आणि मशीनला पाणी लागू द्यायचं नाही, पुसायचं ते कोरड्या फडक्याने. हे मी त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं, सातवीतल्या मुलीसमोर. तो मान खाली घालून म्हणाला, पाणी नाय लावायचं. सगळं सुरळीत चाललं. श्रावण गेला, गणपती गेले. सासरेसुद्धा एकदा म्हणाले की आवाज कमी येतो. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग नवरात्र आलं. आमच्याकडे खंडेनवमीला औजारांची पूजा असते. बाग होती तेव्हा कात्र्या, कोयते, फवारणीचा पंप ठेवायचे. लॉन झाल्यावर जनरेटर, जीप, विळे, पहारी आणि आता नवीन मशीन. सगळं धुऊन पुसून ओट्यावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या. त्या दिवशी औजाराला काम सांगायचं नाही. त्याचा विश्रांतीचा दिवस. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि त्या वर्षी दसऱ्याला संध्याकाळी लॉनवर एक मोठा साखरपुडा होता. म्हणजे नवमीला गवत कापायचं नाही, दसऱ्याला सकाळी सात ते नऊमध्ये कापलंच पाहिजे. माझं डोकं तेव्हापासूनच तापलेलं होतं.

नवमीला सकाळी मी पदर खोचून ओट्यापाशी बसले. विळे धुतले, पहारी धुतल्या, घमेली घासली. भाऊ नळापाशी उभा होता, मी म्हणेन तसा नळ कमीजास्त करत होता. मग मशीन ओढलं. उलटं केलं तर खाली वाळलेल्या गवताचा हा एवढा लगदा, पात्याला चिकटलेला. असली घाण पूजेला ठेवायची? मला आठवतंय, मी तोंडाने पुटपुटत होते, की माझ्या लक्षात नाही आलं तर या घरात कुणाच्या लक्षात काही येत नाही. पाइप हातातच होता. तो मी मशीनवर धरला. खालून, वरून, बटनाच्या डबीवरून. आणि मागे न बघता भाऊला म्हटलं, नळ जरा मोठा सोड.

त्याने मोठा सोडला.

आता वाटतं, एवढी विजेची माहितीवाली मी, रेल्वेच्या इलेक्ट्रिशियनची मुलगी, आणि माझ्या मनात तेव्हा मशीन म्हणजे वीज हे आलंच नाही. ते औजार होतं. पहारीसारखं, विळ्यासारखं. नवमीला औजार धुतात. माझ्या हाताला तेवढंच माहीत होतं. फडक्याने वरवर पुसलं, दांड्याला माळ घातली, हळदकुंकू लावलं नि हात जोडले.

दसऱ्याला सकाळी मी रांगोळीच्या मागे होते. साडेसात झाले तरी मशीनचा आवाज नाही. पावणेआठ झाले. लाईट नऊला जाणार, गवत ढोपराला लागेल अशी माझी भाषा, आणि पाहते तर भाऊ ओट्यापाशी मशीनजवळ नुसता उभा. दव होतं, हे खरं. मशीनला माळ तशीच होती, हेही खरं. मी तिथूनच ओरडले की मुहूर्त बघतोयस का, पाहुणे गुडघाभर गवतात बसणार आहेत का, आजच्या दिवस दव चालेल. तो हलला. माळ न काढता त्याने मशीन गवतात नेलं. आणि पायातल्या चपला काढून ओट्याखाली ठेवल्या, कारण हळदकुंकू लावलेल्या वस्तूला चपला घालून हात कसा लावायचा. हे मला दिसलं. दिसलं आणि नेहमीचंच वाटलं. मीही तेच केलं असतं.

मी वायर सोडायला गवतात गेले. आमच्या दोन वायरी होत्या, मधे जोड. मी जोडापाशी होते, तिथून तो दहा-बारा पावलांवर असेल. त्याने बटन दाबलं.

आवाज झाला तो मशीनचा नव्हता. घशातून निघालेला होता. मी वर बघितलं तर भाऊ दांड्याला दोन्ही हातांनी धरून उभा होता, मान मागे गेलेली, दात दिसत होते, आणि अंग थरथरत होतं. तो दांडा सोडत नव्हता. त्याला सोडता येत नव्हता. त्याच वेळी खोलीकडून त्याची बायको धावत निघाली. अनवाणी, ओल्या गवतातून, दोन्ही हात पुढे करून. ती त्याला धरणार होती. मी ओरडले, हात लावू नकोस, धरू नकोस. तिने ऐकलं नाही. कोणती बायको ऐकेल? बोर्डापर्यंत पळायला वेळ नव्हता. मी जोडापाशीची वायर हाताला गुंडाळली नि मागे अंग असं काही झोकून दिलं की पाठीवर पडले. जोड सुटला. पडल्या पडल्या मी पाहिलं, भाऊ खाली कोसळत होता आणि ती त्याच्यावर पडत होती. दोघं मिळून गवतात. झेंडूची माळ तुटून सगळीकडे फुलं झाली होती.

तो श्वास घेत होता. मी त्याच्या नाकाखाली बोट धरलं ते किती वेळ धरलं मला माहीत नाही. दोन्ही तळहात भाजले होते. जीपमधून मी नि नवऱ्याने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा कार्डिओग्राम काढला, दुपारपर्यंत ठेवून घेतला आणि नशीब म्हणा, असं म्हणून पाठवून दिला.

संध्याकाळी साखरपुडा झाला. गवत वाढलेलंच राहिलं, कुणी काही बोललं नाही. मी पाहुण्यांना आपट्याची पानं देत होते, सोनं घ्या म्हणत होते, हसत होते. दुपारीच सासरे मला म्हणाले होते, "ठरलं होतं तसं. त्याला मशीन झेपत नाही. चपला घातल्या नाहीत त्याने. त्याच्याच बायकोने बघितलंय." मी तोंड उघडलं नाही. पाणी माझ्या हातचं होतं, नळ माझ्या सांगण्यावरून मोठा झाला होता, घाई माझी होती. हे सगळं मला दवाखान्याच्या बाकावर एकदम, एकामागून एक दिसलं होतं. आणि मी गप्प बसले. जिने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं, ती गप्प बसली. खरं सांगते, मला भीती वाटली. सासऱ्यांच्या बोलण्याची नाही. आपण चुकलो हे चारचौघांत म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे पडवीत बसले होते. भाऊ समोर उभा, दोन्ही हातांना पट्ट्या. मी चहा घेऊन आले तेव्हा सासरे शांतपणे सांगत होते की दिवाळीपर्यंत राहा, मग गावाकडे जा, पोरीचं काय ते तिकडे बघ. भाऊ मान हलवत होता. दहा गोष्टी सांगितल्यावर हलवायचा तशीच. त्याने चपलेचं कबूल केलं. चुकलं म्हणाला. पाण्याचं एक अक्षर बोलला नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी कप खाली ठेवले. ते खणखणले. "मशीन मी धुतलं होतं," मी म्हटलं.

सासऱ्यांना आधी कळलं नाही. पुसलं असशील, असं म्हणाले. मी म्हटलं, नाही, पाइप लावून धुतलं, खालून-वरून, बटनावर पाणी मारलं, मोटरमध्ये गेलं असणार. दव असताना लावायलाही मीच ओरडले. त्याचा काही दोष नाही. जायचं तर मी जाते. शेवटचं वाक्य कशाला म्हटलं कुणास ठाऊक, मी कुठे जाणार होते. पण रडू आलं होतं आणि रडू आलं की मी असलं काहीतरी बोलते.

सासरे भाऊकडे वळले. "ती धुवत होती तेव्हा तू कुठे होतास?"

"नळावर."

"तुला माहीत होतं ना, पाणी लावायचं नाही म्हणून? हिनेच शिकवलं ना तुला?"

भाऊने मान हलवली. त्याला माहीत होतं. दसऱ्याला सकाळी तो मशीनपाशी उभा होता तो मुहूर्त बघत नव्हता.

"मग बोलला का नाहीस?"

तो पट्टी बांधलेले हात एकमेकांवर ठेवून उभा राहिला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. लाईट कधी जाते ते सांगावं तसं त्याने सांगितलं.

"वैनी रागावल्या असत्या."

चहावर साय धरली. थोड्या वेळाने सासऱ्यांनी त्याला सांगितलं की कुठे जायचं नाही, हात बरे होऊ दे. लाईटवरचं मशीन पुन्हा कुणी गवतात नेलं नाही. त्याची बायको त्या वायरीच्या जवळूनही जाईना. दिवाळीनंतर पेट्रोलवरचं आणलं. दोरी कोण ओढणार, असं नवऱ्याने विचारलं. मी म्हटलं, मी.

पहिल्या दिवशी सकाळी मी पदर खोचून मशीनपाशी उभी राहिले. भाऊ दांड्याजवळ, तळहात अजून गुलाबी. मी दोरी ओढली. फुसफुस. पुन्हा ओढली. आठ-दहावेळा तरी ओढली असेल. हाताला फोड आला, केस सुटले, आणि डोक्यात सणक चढायला लागली होती. सहज बाजूला पाहिलं तर भाऊची नजर इंजिनच्या एका बाजूला खिळलेली. फवारणीच्या पंपांवर त्याचीही वर्षं गेली होती. काय राहिलंय ते त्याला पहिल्यापासून दिसत होतं. आणि तो उभा होता.

मी दोरी सोडली. जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारलं, "भाऊ, काय चुकतंय माझं?"

त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग म्हणाला, "चोक ओढायचा ऱ्हायलाय, वैनी."